उपमा घरात असते, मग ‘सिमिली’ परीक्षेत का चुकते?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलगी बडोद्यातील इंग्रजी माध्यमाच्या शाळेत सातवीत आहे आणि घरात सगळे मराठी बोलतात. शाळेने वर्षाच्या आरंभीच चोवीस साहित्यिक संज्ञांची यादी व्याख्यांसह वहीत उतरवून घेतली आहे, शिवाय व्याकरणाचे वेगळे वर्कबुक आहे. मुलगी व्याख्या धडाधड म्हणून दाखवते आणि वर्कबुकातील रिकाम्या जागाही बिनचूक भरते. पण युनिट टेस्टमध्ये कवितेच्या चार अनोळखी ओळी समोर आल्या की सिमिली (उपमा) कोणती आणि मेटाफर (रूपक) कोणते हे तिला सांगता येत नाही, आणि निबंधात त्याच त्या चुका पुन्हा होतात. ट्यूशनच्या बाईंनी आणखी एक वर्कबुक आणायला सांगितले आहे. घरात इंग्रजी बोलले जात नाही म्हणून असे होते का, आणि सातवीत खरोखर इतक्या संज्ञा लागतात का, असे आपण विचारले आहे.

मी बडोद्यातच सहावी ते आठवीच्या वर्गांना २७ वर्षे इंग्रजी शिकवते आहे. माझ्या मते मुलीची मराठी आड येत नाही. उलट तिचा जितका उपयोग व्हायला हवा तितका होत नाही. अडचण क्रमाची आहे. तिला नाव आधी मिळाले आणि वस्तू नंतर, काही संज्ञांच्या बाबतीत तर वस्तू अजून मिळालेलीच नाही. आणखी एका वर्कबुकाने हा क्रम बदलणार नाही.

ही चूक मी स्वतः पुष्कळ वर्षे केली आहे, म्हणून तिचे स्वरूप मला जवळून ठाऊक आहे. नोकरीच्या पहिल्या काही वर्षांत मी जूनमध्ये व्याख्या लिहून देत असे आणि सप्टेंबरमध्ये त्याच विचारत असे. एकदा सहावीच्या एका मुलीने पर्सॉनिफिकेशनची, म्हणजे निर्जीव गोष्टीला माणसासारखे वागताना दाखवण्याची, व्याख्या काना-मात्रेसकट बरोबर लिहिली आणि खाली उदाहरण दिले: ‘द रेन केम ॲट फोर’. मी त्यावर फुली मारली. पेपर हातात पडल्यावर ती टेबलाशी आली आणि म्हणाली, “पण मॅडम, पाऊस आला ना? येणं तर माणसाचंच असतं.” त्या वेळी मी काहीतरी सांगून तिला जागेवर पाठवले, कारण माझ्याकडे खरे उत्तर नव्हते. घरी जाताना मात्र तो प्रश्न सुटेना. मराठीत पाऊस येतो, वारा सुटतो, ऊन उतरते, घड्याळ चालते आणि भूक लागते. या क्रियापदांत कधीकाळी कोणी कल्पना खेळवली असेलही, पण आज ती इतकी झिजली आहे की बोलणाऱ्याला तिथे कसलाच अलंकार जाणवत नाही. इंग्रजीतही ‘रेन केम’ हे साधेच विधान आहे. म्हणजे मुलीचे उदाहरण चुकले होते खरे, पण ते का चुकले हे आम्हा दोघींनाही माझ्या व्याख्येतून कळण्यासारखे नव्हते.

तेव्हापासून मी व्याख्येऐवजी एक कसोटी वापरते. शंका असलेला शब्द काढावा, त्याच्या जागी अगदी साधा शब्द घालावा आणि काही हरवते का ते पाहावे. ‘पाऊस आला’ याऐवजी ‘पाऊस पडला’ म्हटले तर काहीच हरवत नाही. पण ‘पावसाने मांडवीतल्या एकेका दुकानाचे शटर ठोठावले’ या वाक्यात ‘ठोठावले’ काढून ‘शटरवर पाऊस पडला’ असे केले, तर कोणीतरी दाराशी येऊन उभे राहिल्याची भावना जाते. जे हरवले तेच पर्सॉनिफिकेशन. सहावीतील मुलाला ही कसोटी दोन तासांत हाताळता येऊ लागते, आणि व्याख्येतली भली मोठी शब्दसंपत्ती त्यासाठी लागत नाही.

मराठी किंवा गुजराती घरातील मुलांना इथे आणखी एक गोष्ट मुद्दाम दाखवावी लागते. आपल्याकडे नदी ‘ती’ असते, डोंगर ‘तो’ असतो आणि झाड ‘ते’ असते. गुजरातीतही तीन लिंगे आहेत. त्यामुळे नदीला ‘ती’ म्हणण्यात आपल्याला काहीच विशेष वाटत नाही. इंग्रजीत निर्जीव वस्तूला ‘इट’ म्हणतात, म्हणून कवीने चंद्राला ‘शी’ म्हटले की त्या एका सर्वनामातच मानवीकरण झालेले असते. आपली मुले त्यावरून सरळ पुढे जातात, कारण ती मनात ‘तो चंद्र’ असेच वाचत असतात. हा त्यांच्या बुद्धीचा दोष नाही. पण एकदाही कोणी सांगितले नाही तर परीक्षेतला तो गुण कायमचा जातो.

आता सिमिली. शाळेत दिली जाणारी व्याख्या साधारणपणे अशी असते की ‘लाइक’ किंवा ‘ॲज’ वापरून केलेली तुलना म्हणजे सिमिली. ही व्याख्या खोटी नाही, पण तिने मुलांचे जितके नुकसान केले आहे तितके क्वचितच दुसऱ्या कशाने केले असेल. ती पाठ झालेले मूल कविता वाचत नाही, ते ‘लाइक’ आणि ‘ॲज’ हुडकत बसते. मग ‘ॲज द बेल रँग, वी रॅन’ या वाक्याखाली सिमिली म्हणून रेघ ओढली जाते. तिथे ‘ॲज’चा अर्थ केवळ ‘जेव्हा’ इतकाच असतो. ‘आय लाइक मँगोज’ यालाही सिमिली म्हणणारी मुले मी पाहिली आहेत. ‘माय सिस्टर इज ॲज टॉल ॲज माय मदर’ या वाक्यात तुलना आहे, ‘ॲज’ही दोनदा आहे, तरी ती सिमिली नव्हे, कारण बहीण आणि आई या एकाच जातीच्या गोष्टी आहेत आणि वाक्य फक्त उंची मोजते आहे.

आपल्या अलंकारशास्त्राने हे काम फार पूर्वी नीट करून ठेवले आहे. उपमेत चार अंगे असतात: ज्याच्याविषयी बोलायचे ते उपमेय, ज्याची उपमा द्यायची ते उपमान, दोहोंत समान असलेला साधारण धर्म, आणि सारखेपणा दाखवणारा शब्द. इंग्रजी वर्गातील व्याख्या या चारांपैकी फक्त शेवटचे, सर्वांत किरकोळ अंग हातात देते. मुलीला उपमेय आणि उपमान हे शब्द शिकवण्याची गरज नाही. तिला इतकेच विचारावे: कशाला म्हटले, काय म्हटले, आणि दोघांत सारखे काय आहे? आजी जेव्हा म्हणते की ‘पोळी कशी, वहीच्या पुठ्ठ्यासारखी झाली आहे’, तेव्हा या तिन्ही प्रश्नांची उत्तरे मुलगी न अडखळता देईल. त्यानंतर सांगावे की हिलाच इंग्रजीत सिमिली म्हणतात. नाव असे शेवटी आले की ते कशाला तरी चिकटते.

एक बारकावा इथे सांगून ठेवते. मराठी व्याकरणाच्या पुस्तकांत ‘सारखा, समान, परी’ आले की उपमा आणि ‘जणू, वाटे, भासे’ आले की उत्प्रेक्षा असे दोन वेगळे अलंकार मानले आहेत. शालेय इंग्रजीत हा भेद केला जात नाही. ‘ॲज इफ’ने सुरू होणारी कल्पनाही मुले सिमिलीच लिहितात आणि ती बरोबर धरली जाते. आपण लहानपणी मराठी माध्यमात शिकला असाल, तर मुलीला शिकवताना उत्प्रेक्षा मनातल्या मनात बाजूला ठेवावी.

मेटाफरसाठी मी बडोद्याच्या मुलांना दुसरे कोणतेही उदाहरण आधी देत नाही, कारण ती ज्या शहरात राहतात त्याचे नावच त्या कामाला येते. १९७४ साली शहराचे अधिकृत नाव बडोदा बदलून वडोदरा झाले (आमच्यासारख्या मराठी घरांत ते अजून बडोदेच आहे). हे नाव ‘वटोदर’ या शब्दावरून आले असे मानले जाते, म्हणजे वडाचे उदर, वडाचे पोट. गावाला वडाचे पोट म्हणणाऱ्याने ‘गाव वडाच्या पोटासारखे आहे’ असे म्हटले नाही. त्याने गावालाच पोट म्हटले. वर्गात एवढे सांगितले की मुले आपोआप पुढे बोलू लागतात. पोटात असणे म्हणजे झाकलेले असणे, जपलेले असणे. एकदा एका मुलाने विचारले होते की मग आपण सगळे पचायला घातलेलो आहोत का. हसू ओसरल्यावर मी त्याला सांगितले की त्याने केलेली गोष्ट म्हणजे मेटाफर ताणून पाहणे, आणि ते त्या दिवशीचे वर्गातील सर्वांत चांगले वाचन होते.

आपण बडोद्यात आहात, म्हणून गुजरातीचाही विचार करावा असे मी सुचवते. २०२३ च्या कायद्यानुसार राज्यातील शाळांत पहिली ते आठवी गुजराती शिकवणे सक्तीचे आहे, तेव्हा आपल्या मुलीच्या दप्तरात गुजरातीचे पुस्तक असणारच. गुजराती व्याकरणात पर्सॉनिफिकेशनला ‘सजीवारोपण’ म्हणतात. मराठीतील ‘चेतनगुणोक्ती’ हा शब्द मुलांच्या तोंडी बसत नाही, पण सजीवारोपण ऐकताच काय करायचे ते कळते: जिवंतपणा आणून वर ठेवायचा. ॲलिटरेशनच्या, म्हणजे लागोपाठच्या शब्दांच्या आरंभी तोच आवाज येण्याच्या, बाबतीत तर गुजराती शब्द मला तिन्ही भाषांत सरस वाटतो. तो आहे ‘वर्णसगाई’, म्हणजे वर्णांचे नाते. गुजरातीत सगाई म्हणजे साखरपुडाही होतो, त्यामुळे वर्गात खसखस पिकते आणि शब्द लक्षात राहतो. मराठीतील अनुप्रासात तेच अक्षर शब्दात कुठेही पुन्हा आले तरी चालते. वर्णसगाईत ते शब्दांच्या आरंभी यावे लागते, आणि शालेय ॲलिटरेशनलाही नेमके तेच अपेक्षित असते.

ॲलिटरेशन हा आवाजाचा खेळ आहे, स्पेलिंगचा नव्हे. मुले मात्र स्पेलिंगमधील पहिली अक्षरे जुळवत बसतात. ‘सिटी’ आणि ‘कॅट’ या दोन्ही शब्दांचे पहिले अक्षर सी आहे, म्हणून त्यांची सगाई जुळवून टाकतात. उलट ‘फोन’ आणि ‘फिश’ यांचे पहिले अक्षर वेगळे दिसते म्हणून सोडून देतात. यावर मी एक उपाय शोधला आहे. शंका आली की दोन्ही शब्द देवनागरीत लिहून पाहायचे. ‘सिटी, कॅट’: स आणि क, सगाई नाही. ‘फोन, फिश’: फ आणि फ, सगाई पक्की. ‘नाइफ, नाइट’ जुळतात, ‘शुगर, सॉल्ट’ जुळत नाहीत. आपली लिपी उच्चाराप्रमाणे लिहिली जाते, त्यामुळे इंग्रजी स्पेलिंगने घातलेला गोंधळ ती एका ओळीत दूर करते. व्ही आणि डब्ल्यू यांच्यापुरती मराठी लिहिण्याची सवय गुजरातीपेक्षा अधिक उपयोगी पडते. आपण ‘व्हॅन’ आणि ‘वॉटर’ असे वेगळे लिहितो, गुजरातीत दोन्हीकडे एकच व येतो. पेपरच्या कडेला पेन्सिलीने देवनागरीत लिहून पाहायला सहसा पर्यवेक्षकाची हरकत नसते.

हाच उपाय व्याकरणात ‘अ’ आणि ‘ॲन’ यांच्या बाबतीतही चालतो, आणि तिथे तो जवळजवळ कधीच फसत नाही. ‘अवर’ (तास) हा शब्द देवनागरीत स्वराने सुरू होतो, म्हणून ॲन. ‘युनिव्हर्सिटी’ य या व्यंजनाने सुरू होते, म्हणून अ, जरी स्पेलिंगमध्ये यू हा स्वर दिसत असला तरी. ‘एमएलए’ला ॲन, ‘वन-रुपी नोट’ला अ. पाच स्वरांची व्याख्या पाठ करून मुले जिथे हमखास घसरतात, तिथे बालवाडीत गिरवलेली बाराखडी त्यांना सांभाळून घेते.

ऑनोमॅटोपियाबद्दल फार लिहिण्याची गरज नाही, कारण खळखळ, सळसळ, टपटप, धो धो यांवर वाढलेल्या मुलाला तो एका मिनिटात कळतो. फक्त एक फरक दाखवावा: लखलख, चमचम, गुळगुळीत हे शब्दही तसेच वाजतात, पण लखलखण्याला किंवा चमचमण्याला आवाज नसतो. इंग्रजी संज्ञा फक्त खऱ्या आवाजाची नक्कल करणाऱ्या शब्दांना लागू होते. हायपरबोली म्हणजे अतिशयोक्ती, आणि ती कोणत्याही घरात शिकवावी लागत नाही.

कथेसंबंधीच्या संज्ञांत सेटिंग (कथेचे स्थळ-काळ) आणि कॅरेक्टर (पात्र) मुलांना जड जात नाहीत. थीम मात्र जाते, आणि तिचे कारण आपल्या संस्कारांत आहे. आपली मुले अशा गोष्टींवर वाढतात ज्यांच्या शेवटी तात्पर्य असते. म्हणून थीम विचारली की ती ‘नेहमी खरे बोलावे’ किंवा ‘वडीलधाऱ्यांचे ऐकावे’ असे काहीतरी लिहून मोकळी होतात, गोष्ट कोणतीही असो. विषय, आशय आणि तात्पर्य या तीन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मराठीतच समजावून द्यावे. एखाद्या कथेचा विषय ‘मैत्री’ असतो. ‘मैत्रीत एकाने मोठे झाले की दुसऱ्याला आपण मागे पडलो असे वाटू लागते’ हा आशय, आणि थीम म्हणजे हाच. ‘मित्रांचा हेवा करू नये’ हे तात्पर्य. थीम काय करावे ते सांगत नाही. कथेत माणसांचे काय होते ते सांगते. मुलीने लिहिलेल्या थीममध्ये ‘शुड’ हा शब्द आला असेल, तर बहुधा ती थीम नाही.

पॉइंट ऑफ व्ह्यूची, म्हणजे गोष्ट कोणाच्या नजरेतून सांगितली आहे हे ओळखण्याची, चूकही ठराविक असते. संवादात कोणीतरी ‘आय’ म्हणतो आणि मूल ताबडतोब ‘फर्स्ट पर्सन’ लिहिते. अवतरणचिन्हांमधले सगळे बोटाने झाकायचे आणि उरलेल्या मजकुरात ‘आय’ आहे का ते पाहायचे, एवढ्याने हा गुण वाचतो. घरात कपबशी फुटली असेल तर ती घटना एकदा फोडणाऱ्याच्या तोंडून, एकदा पाहणाऱ्याच्या आणि एकदा जागेवर नसलेल्या आईच्या तोंडून सांगायला लावावी. प्रत्येक वेळी कोणती माहिती सांगता येते आणि कोणती येत नाही, हे मुलीला वहीपेक्षा चांगले कळेल.

आता व्याकरण आणि वर्कबुक. वर्कबुकात बिनचूक असलेले मूल निबंधात का चुकते, हा प्रश्न केवळ आपल्या घरचा नाही. अमेरिकेत १९६३ साली ब्रॅडॉक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लेखनशिक्षणावरील संशोधनाचा आढावा घेतला, तेव्हाच औपचारिक व्याकरण वेगळे शिकवण्याचा लेखन सुधारण्यावर नगण्य परिणाम होतो, असा निष्कर्ष त्यांनी मांडला होता. स्टीव्ह ग्रॅहम आणि डोलोरेस पेरिन यांच्या २००७ च्या ‘रायटिंग नेक्स्ट’ या अहवालात चौथी ते बारावीच्या विद्यार्थ्यांवरील अभ्यास एकत्र पाहिले गेले. त्यात लहान वाक्ये जोडून मोठी वाक्ये बनवण्याच्या सरावाचा लेखनाच्या दर्जावरील परिणाम ०.५० इतका, म्हणजे बऱ्यापैकी चांगला आढळला. केवळ व्याकरण शिकवण्याचा परिणाम उणे ०.३२ होता (शून्य म्हणजे काहीच फरक नाही, उणे म्हणजे लेखन उलट घसरले). ज्यांना हे आकडे ऐकून वर्कबुक रद्दीत घालावेसे वाटेल, त्यांना मी जरा थांबवीन. ते अभ्यास प्रामुख्याने इंग्रजीतच शिकणाऱ्या आणि ती भाषा भोवताली ऐकणाऱ्या मुलांवरचे आहेत. डांडिया बाजारातून शाळेत जाणाऱ्या मुलाच्या कानावर ‘हॅज बीन’ दिवसभरात एकदाही पडत नाही, त्यामुळे त्याला काही नियम उघडपणे सांगावेच लागतात. मात्र नियम सांगून झाल्यावर सराव रिकाम्या जागांचा न देता वाक्यांचा द्यावा, हा धडा आपल्यालाही तितकाच लागू आहे.

वाक्ये जोडणे म्हणजे काय, ते प्रत्यक्ष दाखवते. ऑगस्ट २०२४ मध्ये बडोद्याच्या विश्वामित्री नदीला पूर आला आणि मगरी वस्तीत शिरल्या. शाळा सुरू झाल्यावर मुलांना दुसरे काही लिहायचेच नव्हते. एका मुलाने लिहिले: ‘द रिव्हर रोझ. अ क्रॉकोडाइल केम आउट. इट वॉज लाइंग निअर अवर गेट. वी डिड नॉट गो डाउन.’ प्रत्येक वाक्य शुद्ध आहे, आणि चारही मिळून एखादी सामानाची यादी वाचल्यासारखे वाटते. मी त्याला ‘व्हेन’, ‘दॅट’ आणि ‘सो’ हे तीन शब्द दिले आणि पूर्णविराम कमी करायला सांगितले. थोड्या वेळाने वहीत हे आले: ‘व्हेन द रिव्हर रोझ, अ क्रॉकोडाइल दॅट हॅड कम आउट ऑफ इट वॉज लाइंग निअर अवर गेट, सो वी डिड नॉट गो डाउन.’ या एका वाक्यात रिलेटिव्ह क्लॉज आला, पास्ट परफेक्ट आला आणि स्वल्पविरामही जागेवर पडला, तोही यांपैकी कोणतेही नाव न घेता. नावे मी दुसऱ्या दिवशी फळ्यावर लिहिली आणि त्याच्याच वाक्यातील तुकड्यांवर बाण काढले.

मराठी मुलांच्या काही चुका अशा आहेत की त्यांचे मूळ मराठीत सापडते, आणि मूळ दाखवले की चूक लवकर सुटते. आईने हाक मारली की मुलगी ‘आले, आले!’ म्हणते, ती अजून खुर्चीवरून उठलेलीही नसते. मराठीत भूतकाळाचे रूप अशा वेळी अगदी लगतच्या भविष्यासाठी चालते, म्हणून निबंधात ‘माय मदर कॉल्ड मी अँड आय सेड, आय केम’ असे वाक्य अवतरते. तिथे काळांचा तक्ता पुन्हा पाठ करून घेण्यात अर्थ नाही. तू खरोखर पोचली होतीस का, एवढेच विचारावे.

पॅसिव्ह व्हॉइसचा घोळ याहून खोल आहे. ‘दादाने कैरी खाल्ली’ या वाक्यात क्रियापद कैरीप्रमाणे चालते, आणि ‘ने’ ऐकून मुलांच्या मनात ‘बाय’ येतो; त्यामुळे साध्या विधानाचे ‘द मँगो वॉज ईटन बाय दादा’ होऊन बसते. गुजरातीतही वाक्याची घडण अशीच असल्याने शेजारच्या मुलाकडून दुरुस्ती होण्याची शक्यता नसते. मुलीला सांगावे की हे वाक्य इंग्रजीत साधे ॲक्टिव्हच आहे: ‘दादा एट द मँगो’. इंग्रजी पॅसिव्हच्या जवळ जाणारे मराठी वाक्य म्हणजे ‘कैरी दादाकडून खाल्ली गेली’; आपल्या व्याकरणपुस्तकांत याला नवीन कर्मणी म्हटले आहे, आणि ते कानाला किती उपरे लागते ते पाहावे. ‘गेली’ असेल तिथेच पॅसिव्ह, हा ठोकताळा सातवीपुरता पुरतो.

शब्दांच्या आठ जाती मराठीत आणि इंग्रजीत जवळजवळ जशाच्या तशा जुळतात, आणि हा योगायोग नाही. दादोबा पांडुरंगांच्या १८३६ च्या व्याकरणापासून मराठी व्याकरणाची मांडणीच इंग्रजी व्याकरणाच्या घाटावर झाली आहे. म्हणून नावे शिकवण्यात वेळ जात नाही. वेळ जातो तो एवढ्यावर, की इंग्रजीत शब्दाची जात जन्माने ठरत नाही, त्याने त्या वाक्यात केलेल्या कामाने ठरते. ‘वॉटर’ हे नाम आहे असे पाठ केलेल्या मुलीला ‘वॉटर द प्लांट्स’ हे वाक्य द्यावे आणि मराठीत सांगायला लावावे. ती ‘झाडांना पाणी घाल’ म्हणेल, तेव्हा ‘घाल’ कुठून आला ते तिलाच शोधू द्यावे. ‘द’ कधी लावायचा, याचे निम्मे उत्तरही मराठीत आहे: गोष्टीत ‘एक राजा’ येतो, पुढच्या वाक्यात ‘तो राजा’ होतो. उरलेले निम्मे वाचनानेच येते, आणि त्याला काही वर्षे लागतात.

चोवीस संज्ञांबद्दल माझे मत स्पष्ट आहे. सातवीत सिमिली, मेटाफर, पर्सॉनिफिकेशन, ॲलिटरेशन, ऑनोमॅटोपिया, हायपरबोली, सेटिंग, थीम आणि पॉइंट ऑफ व्ह्यू एवढ्या नऊ संज्ञा हातात खेळल्या तरी पुष्कळ झाले. आयरनी दहावी म्हणून घेता येईल, कारण उशिरा आलेल्या मुलीला ‘वा, काय वेळेवर आलीस!’ म्हणणारे कोणी ना कोणी प्रत्येक घरात असते. बाकीच्या संज्ञा यादीत राहू द्याव्यात आणि पाठ्यपुस्तकातील एखाद्या धड्यात त्या खरोखर भेटल्या की मगच उघडाव्यात. शाळा व्याख्या विचारत असेल तर त्या पाठ असण्यात तोटा नाही. ते काम मुलीने केलेलेच आहे.

ट्यूशन बदलण्याची घाई करू नये. आधी बाईंना विनंती करून पाहावी की आठवड्यातील एका तासाला वर्कबुक बंद ठेवून मुलीच्याच वहीतील पाच वाक्ये जोडून घ्यावीत. गुणांचीच काळजी असेल, तर सीबीएसईच्या दहावीच्या इंग्रजी पेपरात अलीकडच्या वर्षांत ८० पैकी १० गुण व्याकरणाला आणि ४० साहित्याला आहेत, हे बाईंनाही ठाऊक असेल. साहित्याच्या त्या भागात नुसते ‘सिमिली’ एवढे लिहून भागत नाही. कोणत्या शब्दांत आहे आणि त्यामुळे वाचणाऱ्याला काय दिसते, हे दोन्ही लिहावे लागते.

पुढच्या टेस्टचा पेपर घरी आला की ज्या ओळीत गुण गेले आहेत ती ओळ मुलीला मोठ्याने वाचायला लावावी आणि मराठीत विचारावे की इथे कशाला काय म्हटले आहे. तिने मराठीत नीट सांगितले, तर तिला वस्तू दिसली आहे आणि फक्त नाव चुकले आहे; ती दुरुस्ती पाच मिनिटांची असते. मराठीतही सांगता आले नाही, तर ती ओळच तिला समजलेली नाही. मग संज्ञांची वही मिटून ठेवावी, अडलेल्या शब्दांचे अर्थ शब्दकोशात पाहावेत आणि ती कविता दोघींनी मिळून पहिल्या ओळीपासून वाचावी.